दोन जागी एकच हिशेब
जुन्या नॅस पेटीवर मेळाचे सॉफ्टवेअर स्वतः बांधताना आलेला अनुभव

ईदच्या हंगामात भरतकामाच्या कारखान्यात रात्र आणि दिवस एक होतात. आमच्या धाकट्या भावाचा कम्प्युटर एम्ब्रॉयडरीचा छोटा कारखाना आहे. दिवसा तो मशीनवर उभा असतो आणि रात्री घरी येऊन संगणकावर पंचिंग करतो. घरी तयार झालेली फाइल पेन ड्राइव्हवर घालून कारखान्यात न्यायची, तिथे काही दुरुस्ती झाली की पुन्हा पेन ड्राइव्हवर घरी आणायची, असा त्याचा अनेक वर्षांचा शिरस्ता होता.

अशाच एका हंगामात सकाळी त्याचा फोन आला. "भाईजान, चाळीस दुपट्टे वाया गेले. बुट्टी जुन्याच मापाची निघाली."

झाले होते असे. व्यापाऱ्याने बुट्टी लहान करायला सांगितली होती. भावाने ती कारखान्यातल्या लॅपटॉपवर लहान केलीही. पण त्याच रात्री घरच्या संगणकावरची जुनी फाइल पेन ड्राइव्हवर आली आणि दुसऱ्या दिवशी ती नव्या फाइलच्या डोक्यावर बसली. नाव तेच, फोल्डर तेच. संगणकाने विचारले, "बदलू का?" घाईत बोट "हो" वर गेले. कापड, रेशीम आणि दोन दिवसांची मजुरी तर गेलीच, शिवाय ज्या व्यापाऱ्याला तारीख दिली होती त्याच्यासमोर मान खाली घालावी लागली, ते वेगळे.

त्याच्याकडे प्रत नव्हती असे नाही. उलट प्रती तीन होत्या, पण खरी कोणती हे सांगणारे कोणी नव्हते. आपल्या अनेक व्यापारी आणि कारागीर बांधवांची आज हीच अवस्था आहे. उधारीची यादी मोबाइलवर, बिले दुकानच्या संगणकावर, जुने हिशेब घरच्या संगणकावर आणि डिझाइन्स कुठल्या तरी पेन ड्राइव्हवर. यावर आम्ही जो उपाय केला, तो फुकटात आणि घरात पडून असलेल्या एका जुन्या पेटीवर. त्याची हकीकत वाचकांपुढे मांडत आहोत.

रोजमेळ फाइलींचा

दुकानदार रात्री गल्ला मोजतो आणि वहीशी ताडून पाहतो. त्याला आपण रोजमेळ म्हणतो. दोन संगणकांवरच्या फाइलींचा असाच मेळ घालण्याला 'सिंक' म्हणतात. इकडे बदललेली फाइल तिकडे जाते, तिकडे बदललेली इकडे येते आणि शेवटी दोन्ही जागी एकच माल राहतो.

यात महत्त्वाचा प्रश्न एकच. एक फाइल दोन्ही जागी बदलली असेल तर काय करायचे? नुसती तारीख पाहून नवी फाइल ठेवणारे सॉफ्टवेअर इथे फसते, कारण नंतर बदललेली फाइल बरोबर असेलच असे नाही. चांगले सॉफ्टवेअर मागच्या मेळाच्या वेळी कोणती फाइल कशी होती याची नोंद ठेवते. त्या नोंदीशी ताडून ते सांगते की ही फाइल फक्त इकडे बदलली, ती फक्त तिकडे बदलली आणि ही तिसरी दोन्हीकडे बदलली आहे, तुम्हीच निर्णय द्या. भावाला त्या सकाळी असा एक प्रश्न कोणी विचारला असता तर चाळीस दुपट्टे वाचले असते.

दोन जागा कशासाठी?

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूणला पूर आला आणि सारी बाजारपेठ पाण्याखाली गेली. त्याआधी २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. अशा वेळी तळमजल्यावरच्या दुकानात मालाबरोबर वह्या आणि संगणकही भिजतात. माल पुन्हा भरता येतो, पण कोणाकडून किती येणे आहे ती यादी गेली तर ती कोण भरून देणार?

कायद्याची बाजूही आहे. जीएसटीमध्ये नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने हिशेबाच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवल्या पाहिजेत. नोंदी संगणकावर असतील तर अपघाताने किंवा नैसर्गिक आपत्तीने त्या नष्ट झाल्या तरी वाजवी वेळात परत उभ्या करता येतील अशी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवावी, असे नियम ५७ सांगतो. तेव्हा "संगणक बिघडला" एवढे सांगून सुटका होत नाही.

घरातली पेटी

नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज, बोलीत 'नॅस', ही एक लहान पेटी असते. आत एक किंवा दोन हार्ड डिस्क असतात आणि ती घरच्या राउटरला वायरने जोडलेली असते. घरातला कोणताही संगणक किंवा मोबाइल तिच्यावर फाइल ठेवू शकतो. पाहायला ती डिस्कची डबी वाटते, पण खरे तर तो एक छोटा संगणक आहे. त्यात प्रोसेसर आहे, मेमरी आहे आणि बहुतेक पेट्यांत लिनक्स ही कार्यप्रणाली चालते.

हे लोकांच्या ध्यानी आणून देण्यात २००४ साली आलेल्या लिंक्सिस कंपनीच्या एनएसएलयू-२ या पेटीचा मोठा वाटा आहे. तिच्यात अवघी ३२ एमबी मेमरी होती आणि स्वतःची डिस्कही नव्हती, यूएसबीने बाहेरची डिस्क जोडावी लागे. पण आत लिनक्स होते. लिनक्सच्या परवान्यामुळे कंपनीला त्याचा मूळ आराखडा लोकांना द्यावा लागला. मग हौशी जाणकारांनी त्या पेटीवर कंपनीने कधी योजलेही नव्हते असे प्रोग्राम चालवून दाखवले. आज घरोघरीच्या नॅस पेट्यांवर जी कामे होतात त्यांची वाट तिथूनच रुंद झाली.

आमची पेटी २०१३ च्या सुमाराची आहे. ३२ बिटचा एआरएम जातीचा प्रोसेसर आणि ५१२ एमबी मेमरी. कंपनीने तिच्यासाठी नव्या सुधारणा देणे केव्हाच थांबवले आहे. दुकानदाराचा सल्ला होता, "नवी घ्या." पण चालते यंत्र भंगारात का घालावे? मशीन म्हातारे झाले म्हणून कोणता कारागीर ते लगेच विकतो? आधी तो तेल घालून पाहतो.

कोणते सॉफ्टवेअर?

या कामाची तीन नावाजलेली सॉफ्टवेअर आहेत आणि तिन्ही मोफत व मुक्त आहेत.

पहिले आरसिंक. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ते १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. मोठ्या फाइलचा बदललेला भागच तेवढा पाठवण्याची त्याची युक्ती फार गाजली. पण ते एका दिशेने काम करते, इकडचे तिकडे. दोन्हीकडे बदल होत असतील तर ते पुरत नाही.

दुसरे सिंकथिंग, २०१३ पासूनचे. ते सतत चालू राहते आणि बदल झाला की आपोआप पोहोचवते. अनेक जातींच्या प्रोसेसरसाठी ते तयार मिळते. नवी पेटी आणि पुरेशी मेमरी असेल तर तेच सोपे पडेल.

तिसरे युनिसन. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्राध्यापक बेंजामिन पिअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते लिहिले. आता स्वयंसेवक त्याची देखभाल करतात. ते दोन्ही दिशांनी मेळ घालते, मागच्या मेळाची नोंद ठेवते, आणि एक फाइल दोन्हीकडे बदललेली दिसली तर स्वतःच्या मनाने काही न करता विचारते. ते आपण सांगू तेव्हाच चालते. आम्हाला हाच विचारणारा मुनीम हवा होता, म्हणून आम्ही युनिसन निवडले.

तयार प्रोग्राम का चालेना?

पेटीच्या कंपनीच्या यादीत युनिसन नव्हते. एका जाणकाराने एआरएमसाठी बांधलेली तयार फाइल इंटरनेटवर मिळाली. ती पेटीवर ठेवून चालवली तर उत्तर आले की जीलिबसीची अमुक आवृत्ती सापडत नाही. जीलिबसी हा लिनक्सवरच्या बहुतेक प्रोग्रामांचा पाया आहे. नव्या पायावर बांधलेला प्रोग्राम जुन्या पायाच्या पेटीवर उभा राहत नाही.

दुसरी अडचण युनिसनची स्वतःची. दोन्ही टोकांना ते असावे लागते, आणि पूर्वी दोन्हीकडे अगदी एकच आवृत्ती लागत असे. इतकेच नव्हे, ते ज्या ओकॅमल भाषेत लिहिले आहे तिच्या कंपाइलरची आवृत्ती वेगळी असली तरी कित्येकदा दोन टोकांचे बोलणे बंद पडे. २०२२ मध्ये आलेल्या २.५२ या आवृत्तीपासून बोलण्याची पद्धत सुधारली आणि हा जाच बराच संपला. म्हणजे आम्हाला दोन्हीकडे २.५२ किंवा त्यापुढचे युनिसन हवे होते, आणि जुन्या पेटीसाठी ते तयार मिळत नव्हते. उरला एकच मार्ग. ते पेटीवरच बांधायचे.

बांधणी म्हणजे काय?

याला कंपाइल करणे म्हणतात. पंचिंग करणाऱ्यांना हे एका वाक्यात कळेल. मशीनला आपण डीएसटी फाइल देतो. तिच्यात सुई कुठे जाईल, किती टाके पडतील एवढेच असते. ती मोठी किंवा लहान करायला गेलात तर टाके विरळ होतात किंवा एकमेकांवर चढतात. पण पंचिंगची मूळ फाइल हातात असेल तर तिच्यातून हव्या त्या मापाची, हव्या त्या मशीनची नवी डीएसटी काढता येते.

सॉफ्टवेअरचेही तसेच. माणसाने लिहिलेला मजकूर, म्हणजे सोर्स कोड, ही मूळ पंचिंग फाइल. संगणक चालवतो तो तयार प्रोग्राम ही डीएसटी. एका जातीच्या प्रोसेसरचा प्रोग्राम दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरवर चालत नाही. मात्र सोर्स कोड मिळाला तर कंपाइलर नावाचे अवजार त्यातून आपल्या प्रोसेसरच्या मापाचा प्रोग्राम काढून देते. शिंप्याच्या भाषेत सांगायचे तर तयार कुर्ता अंगाला झाला तर झाला, पण कागदी फर्मा असेल तर कोणत्याही अंगाचा कुर्ता शिवता येतो.

युनिसन जीपीएल परवान्याखाली आहे. हा परवाना प्रोग्रामबरोबर त्याचा फर्माही मिळण्याचा हक्क देतो. पैसे वाचतात ही गोष्ट दुय्यम. कंपनीने पाठ फिरवली तरी आपले यंत्र आपल्याला चालवता येते, हा खरा फायदा.

प्रत्यक्ष काम

पहिली पायरी, पेटीच्या आत शिरण्याची. पेटीच्या सेटिंगमध्ये एसएसएच नावाची सोय चालू केली आणि संगणकावरून तिच्या काळ्या पडद्यावर पोहोचलो. विंडोज १० मध्ये २०१८ पासून एसएसएच आत बसवलेलेच असते, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. काम सुरू करण्यापूर्वी पेटीतला सगळा डेटा एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतला. ही पायरी कोणीही गाळू नये.

दुसरी पायरी, अवजारे. पेटीत कंपाइलर नसतो. एंटवेअर नावाचा मुक्त सॉफ्टवेअरचा संग्रह अशा लहान यंत्रांसाठीच चालवला जातो. तो पेटीवर बसवला आणि त्यातून जीसीसी हा सी भाषेचा कंपाइलर आणि मेक हे बांधणीचे अवजार घेतले. एंटवेअर स्वतःचा जीलिबसीचा पाया बरोबर आणते, त्यामुळे पेटीच्या जुन्या पायाची अडचण इथेच मिटली.

तिसरी पायरी, ओकॅमल. ही भाषा फ्रान्सच्या इन्रिया या संशोधन संस्थेतली. इथे आवृत्ती जपून निवडावी लागते. डिसेंबर २०२२ मध्ये ओकॅमल ५ आले, पण त्यात ३२ बिटच्या प्रोसेसरसाठी थेट यंत्रभाषेत बांधणी करण्याची सोय उरली नाही. बाइटकोड म्हणून मधल्या भाषेत बांधता येते, पण तो प्रोग्राम धीमा चालतो. म्हणून जुन्या पेटीसाठी आम्ही ४.१४ ही आवृत्ती घेतली. सोर्स कोड उतरवला, पेटीतल्या मोठ्या डिस्कवर उलगडला, कुठे बसवायचे ते सांगून कॉन्फिगर चालवले आणि मग मेक.

इथे पहिली ठेच लागली. बांधणी अर्ध्यात बंद पडली, जागा संपल्याचा निरोप आला. डिस्कवर तर भरपूर जागा होती. शोधल्यावर कळले की तात्पुरत्या फाइलींचा टेम्प हा फोल्डर पेटीच्या मेमरीतच होता, डिस्कवर नव्हता. ५१२ एमबीत पेटीचे स्वतःचे काम, कंपाइलर आणि त्याचा पसारा मावणार कसा? तात्पुरता फोल्डर डिस्कवर नेला, पेटीवरच्या छायाचित्रांच्या आणि गाण्यांच्या सेवा बंद केल्या आणि पुन्हा सुरू केले. एवढ्याशा प्रोसेसरला तासाभराहून अधिक वेळ लागला. मध्ये वीज गेली तर श्रम वाया जातात, म्हणून पेटी यूपीएसवर ठेवली होती.

चौथी पायरी, युनिसन. पेटीला पडदा नसतो, म्हणून खिडक्या आणि बटणे असलेले रूप बांधण्यात अर्थ नाही. फक्त अक्षरांवर चालणारे रूप बांधण्याची सूचना दिली. ओकॅमल तयार असल्यामुळे हे काम त्या मानाने झटपट झाले. शेवटी पेटीवर आणि लॅपटॉपवर दोन्हीकडे युनिसनला आवृत्ती विचारली. दोन्ही २.५२ च्या पुढच्या निघाल्या आणि जिवात जीव आला.

मुनीम घरात आहे, पण हाकेला ओ देत नाही

लॅपटॉपवरून मेळ सुरू केला तर उत्तर आले की पेटीवर युनिसन सापडत नाही. आम्ही पेटीवर जाऊन पाहिले, तर ते तिथेच होते आणि चालतही होते. या कोड्यात एक अख्खी संध्याकाळ गेली.

कारण साधे होते. आपण स्वतः पेटीवर शिरतो तेव्हा आपल्याला प्रोग्रामांच्या सर्व जागा ठाऊक असलेले वातावरण मिळते. पण लॅपटॉपवरचे युनिसन एसएसएचमधून परस्पर हुकूम देते तेव्हा पेटी ठरावीक दोन-चार जागाच शोधते. आपण बांधलेला प्रोग्राम त्या जागांत नसतो. उपाय असा की युनिसनच्या सेटिंगमध्ये 'सर्व्हरकमांड' या नावापुढे पेटीवरच्या प्रोग्रामचा पूर्ण पत्ता लिहायचा. एक ओळ लिहिली आणि काम सुरू झाले.

अजून एक सावधगिरी. पेटीच्या कार्यप्रणालीचा भाग आणि डेटाचा भाग वेगवेगळे असतात. कार्यप्रणाली पुन्हा बसवली किंवा तिची सुधारणा आली तर त्या भागातले आपले बदल पुसले जाऊ शकतात. म्हणून बांधलेला प्रोग्राम डेटाच्या डिस्कवर ठेवावा आणि कोणत्या पायऱ्या केल्या ते एका कागदावर लिहून ठेवावे. आमच्या पेटीच्या झाकणाच्या आत तो कागद चिकटवलेला आहे.

आता रोजचे काम कसे चालते?

भाऊ रात्री लॅपटॉप घरी आणतो. घरच्या राउटरला जोडून लॅपटॉप आणि पेटी यांचा मेळ घालतो, मग घरचा संगणक आणि पेटी यांचा. पेटी मध्यभागी असते, बाकी सारे तिच्याशीच बोलतात. दोन संगणक एकमेकांशी परस्पर व्यवहार करत नाहीत, म्हणून गोंधळ होत नाही. सकाळी लॅपटॉप कारखान्यात जातो आणि पेटी घरी राहते. कारखान्यात पाणी शिरले किंवा घरी चोरी झाली तरी एक जागा शाबूत राहते.

सुरुवातीचे पंधरा दिवस आम्ही खरा माल लावला नाही. एका फोल्डरमध्ये जुन्या फाइलींच्या प्रती टाकल्या आणि मुद्दाम खोड्या काढल्या. एक फाइल दोन्हीकडे बदलली, तेव्हा युनिसनने विचारले. एक इकडून पुसली, ती तिकडून पुसली गेली. मराठी आणि उर्दू नावांच्या फाइली टाकून नावे नीट जातात का ते पाहिले. लिनक्स इंग्रजीतले लहान आणि मोठे अक्षर वेगळे मानते, विंडोज मानत नाही, तेव्हा फक्त तेवढ्याच फरकाची दोन नावे ठेवू नयेत हेही कळले.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरबाबत एक नियम काटेकोर पाळावा. टॅलीसारखा प्रोग्राम उघडा असताना त्याच्या डेटा फोल्डरचा मेळ घालू नये. त्याचा डेटा अनेक फाइलींत विखुरलेला असतो. अर्ध्या जुन्या आणि अर्ध्या नव्या फाइली पोहोचल्या तर ती प्रत कामाची राहत नाही. आधी प्रोग्राम बंद करावा, मग मेळ घालावा.

मेळ म्हणजे बॅकअप नव्हे

हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. मेळ घालणारे सॉफ्टवेअर इमानदार असते आणि तोच त्याचा धोकाही आहे. आपण चुकून फाइल पुसली तर ते इमानाने तिकडचीही पुसते. व्हायरसने सगळ्या फाइलींना कुलूप लावले तर ते कुलूपबंद फाइली 'बदललेल्या' समजून पेटीवर पोहोचवते. युनिसनमध्ये बदललेल्या आणि पुसलेल्या फाइलींच्या जुन्या प्रती राखण्याची सोय आहे, ती चालू करावी. संपूर्ण फोल्डरच नाहीसा झाला तर ते पुन्हा विचारते, तेव्हा घाईत "हो" म्हणू नये.

पेटीत दोन डिस्क असल्या म्हणजे झाले, असेही समजू नये. एक डिस्क बिघडली तर दुसरी कामाला येते एवढेच. पुसलेली फाइल त्याच क्षणी दोन्ही डिस्कवरून जाते.

पेटी इंटरनेटवर उघडी ठेवणे तर सर्वांत घातक. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या माय बुक लाइव्ह या जुन्या पेट्यांच्या मालकांना एके दिवशी आपल्या पेट्या रिकाम्या झालेल्या आढळल्या. त्या पेट्यांना २०१५ पासून सुधारणा मिळाली नव्हती आणि बाहेरून कोणीतरी त्या पुसल्या होत्या. जानेवारी २०२२ मध्ये क्यूनॅप कंपनीच्या इंटरनेटवर उघड्या असलेल्या पेट्यांवर डेडबोल्ट नावाचा हल्ला झाला. फाइलींना कुलूप लावून प्रत्येक मालकाकडे ०.०३ बिटकॉइनची खंडणी मागण्यात आली. आमच्या पेटीसारखी सुधारणा न मिळणारी पेटी घरच्या जाळ्यातच ठेवावी. राउटरमधून तिच्याकडे बाहेरून येणारी वाट उघडू नये. एसएसएचचा पासवर्ड कठीण ठेवावा आणि काम नसेल तेव्हा ती सोयही बंद ठेवावी.

म्हणून आम्ही तिसरी प्रतही ठेवली आहे. दर शुक्रवारी एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर पेटीतला माल उतरवतो, डिस्क काढतो आणि बहिणीच्या घरी कपाटात ठेवतो. जी डिस्क जोडलेलीच नाही तिला कोणताही व्हायरस शिवू शकत नाही. महिन्यातून एकदा त्या डिस्कवरची एखादी फाइल उघडून पाहतो. न उघडलेली प्रत म्हणजे न मोजलेली नोटांची गड्डी, ती पुरी आहे असे धरून चालता येत नाही.

हे काम कोणी करावे?

"आम्हा दुकानदारांना हे जमणार कसे?" असे काही वाचक विचारतील. खरे आहे, प्रत्येकाने कंपाइलर चालवावा असे आमचे म्हणणे नाही. शिवणयंत्र प्रत्येकाच्या घरी असते, पण त्याचा मेकॅनिक मोहल्ल्यात एखादाच असतो. तसा एक जाणकार प्रत्येक मोहल्ल्यात तयार व्हावा. आयटीआय किंवा डिप्लोमा करून नोकरीची वाट पाहणाऱ्या तरुणांनी लिनक्स शिकावे. शिकण्याचे साहित्य फुकट आहे आणि सराव करायला जुना संगणक पुरतो. दहा दुकानांच्या नोंदी सांभाळण्याचे काम हाती आले तर त्यातून प्रामाणिक कमाई होऊ शकते. मात्र दुसऱ्याचा हिशेब आणि डिझाइन ही अमानत आहे. ती पाहण्याचा किंवा कोणाला दाखवण्याचा हक्क पेटी दुरुस्त करणाऱ्याला नसतो.

ज्याला स्वतः करायचे आहे त्याने धीर ठेवावा. चुकीचा निरोप आला की घाबरून पेटी बंद न करता तो निरोप जसाच्या तसा वाचावा. आमच्या तिन्ही ठेचांचे उत्तर त्या निरोपातच लिहिलेले होते.

थोडक्यात

१) आधी सर्व डेटाची एक वेगळी प्रत काढा, मगच पेटीला हात लावा.

२) पेटी नवी असेल तर तयार मिळणारे सॉफ्टवेअर वापरा. तयार मिळत नसेल तरच स्वतः बांधा.

३) दोन्ही टोकांना युनिसन २.५२ किंवा त्यापुढचे असावे. ३२ बिटच्या जुन्या पेटीसाठी ओकॅमल ४.१४ घ्या.

४) बांधणी डेटाच्या डिस्कवर करा. तात्पुरता फोल्डरही तिथेच न्या.

५) प्रोग्रामचा पूर्ण पत्ता सेटिंगमध्ये लिहा आणि केलेल्या पायऱ्या कागदावर उतरवा.

६) आधी निकामी फाइलींवर चाचणी, नंतर खरा माल.

७) हिशेबाचा प्रोग्राम बंद करूनच मेळ घाला.

८) तिसरी प्रत जोडणीतून काढून दुसऱ्या घरी ठेवा.

यंदाच्या हंगामात एका रात्री युनिसनने भावाला विचारले, "ही फाइल दोन्हीकडे बदलली आहे, कोणती ठेवू?" त्याने दोन्ही उघडून पाहिल्या. कारखान्यातली बरोबर होती, घरची जुनी. त्याने कारखान्यातली ठेवली आणि झोपायला गेला. सकाळी मशीन वेळेवर सुरू झाले.